सर्व्हिसिंगला टाकलेल्या गाडीच्या बदल्यात शोरूमची गाडी कशी मिळवायची

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात माझी गाडी जळगावच्या एका वर्कशॉपमध्ये अडकली. क्लच गेला होता आणि पार्ट ‘वरून येतोय’ एवढंच रोज ऐकू येत होतं. इकडे चोपड्यात बहीण-भाच्या माहेरी आलेल्या, दोन लग्नं तोंडावर आणि दुपारी बाहेर पाय ठेववत नाही असं ऊन. चोपड्याला रेल्वे नाही. जळगावला जायचं म्हणजे एसटीत बसून अडावद, धानोरा, विदगाव, तापीचा पूल करत पन्नासेक किलोमीटर. पाचव्या दिवशी चौकशीला गेलो, तेव्हा तिथला धरणगावकडचा एक इलेक्ट्रिशियन हात पुसत हळूच म्हणाला, “गाड्या त शेतस भो, पन मांगस कोन?”

मी मागितली. तासाभरात मिळाली. चार दिवस मी उगाच एसटीने हिंडलो होतो, कारण विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

कंपनीच्या पत्रकात तिला ‘कर्टसी कार’ म्हणतात, आपल्याकडे लोक सरळ ‘बदली गाडी’ किंवा ‘शोरूमची गाडी’ म्हणतात. तिचा बोर्ड कुठेच लागलेला नसतो. पुण्या-मुंबईत महागड्या गाड्यांचे डीलर ती आपणहून देतात. जळगाव, धुळे, नंदुरबारला वर्कशॉपकडे अशा गाड्या दोन-तीनच असतात, त्यामुळे ज्याने आधी आणि नीट शब्दांत मागितली त्याला मिळते. तेव्हापासून मी ती तीनदा घेतली आहे. एकदा त्यात हात पोळलेही, ते पुढे सांगतो.

आधी ओळखा, गाडी कोणाच्या खिशातून येणार आहे

हे कळलं की कोणापुढे काय बोलायचं ते आपोआप कळतं. खिसे तीन असतात.

पहिला डीलरचा स्वतःचा. गाडी त्याची, मर्जीही त्याची. मोटार वाहन कायद्यात किंवा त्याच्या नियमांत डीलरने बदली गाडी द्यावीच अशी सक्ती नाही, म्हणून ‘माझा हक्क आहे’ असं काउंटरवर ओरडण्यात अर्थ नाही. इथे चालतं ते तुमचं गिऱ्हाईकपण. गाडी तिथूनच घेतली असेल, सगळ्या सर्व्हिसिंग तिथेच झाल्या असतील, विमाही त्यांच्याकडूनच काढत असाल, तर तसं स्पष्ट सांगा. सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे काउंटरवर गाडी ताब्यात घेणारा माणूस, संगणकावर तुमचा इतिहास बघतोच.

दुसरा खिसा कंपनीचा. गाडी वॉरंटीत किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीत असेल आणि काम लांबलं असेल, तर काही कंपन्या डीलरला बदली गाडीचा खर्च देतात. रोडसाइड असिस्टन्सच्या काही योजनांतही गाडी घरापासून लांब बंद पडली आणि त्या दिवशी दुरुस्त झाली नाही, तर पर्यायी वाहन किंवा मुक्कामाची सोय लिहिलेली असते. हे ओनर्स मॅन्युअलसोबत मिळालेल्या वॉरंटीच्या पुस्तिकेत सापडतं. ती पुस्तिका आपण डिकीत टाकतो आणि विसरतो. गाडी वर्कशॉपला देण्याआधी ती पानं मोबाईलवर टिपून ठेवा, कारण पुस्तिका गाडीबरोबर आत गेली की अर्धा तास शोधावी लागते.

तिसरा खिसा विमा कंपनीचा, आणि गैरसमज सगळ्यात जास्त इथेच आहेत. काही पॉलिसींमध्ये ‘डेली अलाउन्स’ नावाचं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं कलम, असतं. अपघाताच्या दाव्यात गाडी वर्कशॉपला पडून राहिली तर दररोज ठरलेली रक्कम, ठरलेल्या दिवसांपर्यंत मिळते. सुरुवातीचे काही दिवस वगळण्याची अट त्यात असू शकते, तेव्हा पॉलिसीचं ते पान वाचाच. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. नेहमीच्या सर्व्हिसिंगला किंवा क्लच झिजला म्हणून हे पैसे मिळत नाहीत. आणि झिरो डेप (पार्टचा घसारा न कापता भरपाई देणारं ॲड-ऑन) घेतलं म्हणजे हेही आपोआप आलं असं नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. ज्यांचा धंदाच गाडीवर आहे, म्हणजे केळीचे व्यापारी, विमा एजंट, शिकवण्या घेणारे, त्यांनी पुढच्या नूतनीकरणाला हे ॲड-ऑन विचारावं. घरी दुसरी गाडी असेल तर त्यावर पैसे घालवू नयेत असं माझं मत.

चावी देण्याआधी विचारायचं

चावी दिली, जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर) सही झाली की आपलं वजन निम्मं होतं. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच, फोनवर, तीन प्रश्न विचारावेत. काम किती तासांचं आहे? गाडी रात्री मुक्कामी राहील का? राहिली तर बदली गाडी मिळेल का?

तासा-दोन तासांच्या ऑइल-फिल्टर सर्व्हिसिंगला बदली गाडी मागू नका, हसतात. तेवढ्या वेळात वेटिंग रूममध्ये बसता येतं किंवा जळगावच्या फुले मार्केटमध्ये खरेदी उरकता येते. मागणी खरी ठरते ती गाडी एका रात्रीपेक्षा जास्त राहणार असेल तेव्हा: इंजिन-गिअरबॉक्सचं काम, डेंटिंग-पेंटिंग, पार्टची वाट, किंवा एकच दोष दुसऱ्यांदा घेऊन आलात तर. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार. “मागच्या वेळी हेच काम केलं होतं, जॉब कार्ड माझ्याकडे आहे, आता पुन्हा गाडी ठेवायची तर माझी सोय करा,” असं सांगितलं की ॲडव्हायझर स्वतःच उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये जातो.

दिवसही बघून निवडा. अखाजी, लग्नसराई, दिवाळीच्या आधीचा पंधरवडा यांत बदली गाडी मिळणं अवघड. माझा अनुभव मंगळवार-बुधवारचा चांगला आहे. शनिवारी सगळी नोकरदार मंडळी तिथेच असतात आणि डेमोच्या गाड्या टेस्ट ड्राइव्हला बाहेर असतात.

तोंडी ‘बघू भाऊ’ यावर निघून येऊ नका. आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असतो, फक्त सभ्य. घरी जाऊन ॲडव्हायझरला व्हॉट्सॲप करा. मी हा मजकूर पाठवतो:

“नमस्कार भाऊ. माझी गाडी एमएच १९ (पुढचा नंबर) बुधवारी सकाळी दहाला आणतो. क्लचचं काम आहे, तीन दिवस लागतील असं आपण फोनवर सांगितलंत. मी चोपड्याला राहतो, रोज येणं-जाणं जमणार नाही. तेवढ्या दिवसांसाठी बदली गाडी द्यावी ही विनंती. कोणती गाडी आणि अटी काय ते कळवा, लायसन्सची प्रत सोबत आणतो.”

यात रागाचा एक शब्द नाही, पण तारीख, काम, दिवस, अंतर सगळं आलं. पुढे काम लांबलं तर हाच मेसेज कामाला येतो. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी तोच मजकूर सर्व्हिस मॅनेजरला. नाहीच म्हणाले तर निदान पिकअप-ड्रॉप मागा, ते बहुतेक देतात, पण शहराबाहेर किती किलोमीटर ते आधी विचारून घ्या. मला एकदा ड्रॉप मिळाला तो विदगावपर्यंत.

नंबर प्लेटचा रंग बघा

गाडी समोर आली की आपण आधी मॉडेल बघतो. मी आता पाटी बघतो.

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी. अशी गाडी डीलर तुम्हाला वापरायला देऊ शकतो, पण तिचं रोजचं भाडं घेऊ शकत नाही. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणं हे परवान्याच्या नियमाविरुद्ध आहे, शिवाय खाजगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. अपघात झाला आणि भाड्याची पावती निघाली तर विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. दिवसाला अमुक रुपये मागितले तर पाटी तशी आहे का ते बघा.

लाल पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर चावी हातात घेऊच नका. ती ट्रेड सर्टिफिकेटवरची (डीलरला मिळणाऱ्या परवान्यावरची), अजून नोंदणी न झालेली गाडी. ती चाचणीला, पोचवायला वगैरे डीलरने फिरवायची असते, गिऱ्हाईकाने लग्नाला न्यायची नसते.

मग एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. विम्याची तारीख, पीयूसी, नोंदणीचा तपशील दिसतो. विमा संपलेली गाडी चालवताना पकडलं गेलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आहे, पण खरी भीती दंडाची नाही. त्या गाडीने कोणाला धडक बसली तर भरपाईचा डोंगर अंगावर येतो.

एक गोष्ट क्वचितच कोणी सांगतं. डीलरच्या गाड्या बहुधा कंपनीच्या नावावर असतात, आणि गाडी कंपनीच्या नावावर असली की मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण त्या पॉलिसीत नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालच्या एका निकालात म्हटलं होतं की दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्याला त्रयस्थ म्हणून भरपाई मागता येत नाही. थोडक्यात, समोरच्याला विमा आहे, चालवणाऱ्या तुम्हाला कदाचित नाही. स्वतःची वेगळी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी असेल तर निर्धास्त राहा, नसेल तर रात्रीचा प्रवास टाळा.

फॉर्म, सही, डिपॉझिट

फॉर्म एकच पानाचा असतो आणि काउंटरवरचा पोरगा “इथे, इथे आणि इथे” असं बोट ठेवत सह्या घेतो. बसा, पाणी मागवा, वाचा. मी चार गोष्टी शोधतो.

नुकसान झालं तर किती भरायचं? गाडीला विमा असला तरी प्रत्येक दाव्यात सक्तीची कपात असते, १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावर २,०००. पण डीलर छोट्या खरचटण्यासाठी दावा करतच नाही, कारण दावा केला की त्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो, आणि तो वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो. म्हणून तो तुमच्याकडून रोख मागतो. ‘नुकसानीची जबाबदारी ग्राहकाची’ असं मोघम लिहिलं असेल तर कमाल रक्कम पेनने लिहून घ्या आणि शेजारी त्यांची सही घ्या. नाही म्हणतील, पण विचारल्याने निदान आकडा तोंडून बाहेर पडतो.

किती किलोमीटर, आणि कुठपर्यंत? आपल्या भागात हा प्रश्न खरा आहे. रावेरकर बुऱ्हाणपूरला, नवापूर-नंदुरबारकर सुरतेला, शिरपूरकर सेंधव्याला सहज जातात, आणि ही सगळी गावं राज्याबाहेर. विमा देशभर चालतो, पण डीलरच्या फॉर्मवर ‘महाराष्ट्राबाहेर नाही’ किंवा ‘जिल्ह्याबाहेर नाही’ असं असू शकतं. दवाखान्यासाठी सुरतेला जायचंच असेल तर आधी सांगून, तसं फॉर्मवर लिहून घ्या.

कोण चालवणार? तुमचं नाव लिहिलं आणि चालवली भाच्याने, तर भांडणाला जागा. दोघं चालवणार असाल तर दोन लायसन्स द्या.

गाडी परत कधी? ‘ग्राहकाची गाडी तयार झाल्यावर’ असंच लिहून घ्या. ‘दोन दिवस’ लिहिलं असेल आणि पार्ट आठ दिवसांनी आला, तर मधले सहा दिवस तुम्ही त्यांच्या उपकारावर.

डिपॉझिट मागितलं तर यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. सही केलेला कोरा चेक देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. मूळ लायसन्सही जमा करू नका, प्रत द्या. गाडी तुम्ही चालवणार आणि लायसन्स त्यांच्या ड्रॉवरमध्ये, यात काय शहाणपण?

माझा हात पोळला तो इथे

दुसऱ्यांदा गाडी घेतली तेव्हा संध्याकाळ झाली होती. दिवे लागायची वेळ, मला पोचायची घाई, पोराने फॉर्मवर गाडीच्या चित्राभोवती पेन फिरवला, मी सही केली. तीन दिवसांनी परत दिली ती भर दुपारी. एकजण गाडीभोवती फिरला, वाकला आणि डाव्या मागच्या दाराच्या खाली, चाकाच्या कमानीजवळ बोट ठेवून म्हणाला, “हे?” वीतभर ओरखडा होता, आत काळपट माती बसलेली. जुना होता हे मातीवरून मला दिसत होतं, पण माझ्याकडे फोटो नव्हता आणि फॉर्मवर त्या जागी खूण नव्हती. साडेतीन हजार भरले. त्या शोरूमचं नाव घेत नाही. सही तर मीच केली होती.

तेव्हापासून गाडी उजेडात घेतो, आणि आधी फडका मारायला लावतो. आपल्याकडच्या धुळीखाली ओरखडे लपतात. मग मोबाईलवर एकच सलग व्हिडिओ: नंबर प्लेटपासून सुरू, घड्याळाच्या काट्याप्रमाणे पूर्ण फेरी, बंपरचे चारही कोपरे वाकून, दारांच्या खालच्या कडा, चारही रिम, काच, आणि शेवटी आत बसून इग्निशन चालू करून किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा. तीन मिनिटं लागतात. तो व्हिडिओ तिथेच उभं राहून ॲडव्हायझरला पाठवायचा, म्हणजे वेळ त्याच्याही फोनमध्ये नोंदली जाते. डिकी उघडून स्टेपनी, जॅक, पाना आहे का बघा. एसी पाच मिनिटं चालवून बघा. मे महिन्यात एसी बंद असलेली फुकट गाडी फुकटसुद्धा महाग.

चालवताना

झाकणावर ‘पेट्रोल’ की ‘डिझेल’ ते वाचा. तुमची डिझेल आणि बदलीची पेट्रोल असेल तर पंपावर सवयीने तोंडातून ‘डिझेल’ निघतं. चुकलंच तर इंजिन चालू करू नका, टोचन करून वर्कशॉपला न्या. गिअर ऑटोमॅटिक असतील तर डावा पाय मागे घेऊन बसा. क्लच दाबायच्या सवयीने तो ब्रेकवर पडतो आणि मागचा थेट आपल्या डिकीत.

फास्टॅगचं विचारूनच निघा. धुळ्याहून नाशिककडे निघालात की लळिंग आणि पुढे चांदवडला टोल आहेच, आणि डीलरच्या गाडीचा टॅग बऱ्याचदा रिकामा असतो. टॅग नसेल किंवा चालत नसेल तर यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागतो. आपला टॅग काढून हातात धरून दाखवायची युक्ती करू नका, टॅग गाडीच्या नंबरला बांधलेला असतो आणि असा सुटा टॅग काळ्या यादीत जातो.

अपघात झालाच तर तिथूनच डीलरला फोन, जागेवरचे फोटो, कोणाला लागलं असेल तर आधी १०८ आणि मग पोलीस ठाण्यात नोंद. परस्पर ओळखीच्या गॅरेजमधून ठोकून आणू नका. ते कळतं, रंगाच्या छटेवरून.

काम लांबत गेलं तर

दर दोन दिवसांनी लेखी विचारा. पार्टची ऑर्डर कधी टाकली, ऑर्डर क्रमांक काय. ‘टाकली आहे’ आणि ‘आज टाकतो’ यातला फरक क्रमांक मागितल्यावर उघड होतो. मग कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. डीलर आपल्यापेक्षा कंपनीच्या ईमेलला लवकर उठतो.

तरी हलत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोग, तो जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. तिथे ‘बदली गाडी दिली नाही’ एवढीच तक्रार टिकणं कठीण. ‘दुरुस्तीला अवाजवी उशीर झाला, त्यामुळे एवढा प्रवासखर्च आला’ अशी मांडणी करा. त्यासाठी एसटीची तिकिटं, टॅक्सीच्या पावत्या, ते व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा.

परत देताना

जेवढं इंधन होतं तेवढं भरून द्या, पावती ठेवा. दारांचे कप्पे, सीटखाली, सनग्लासचा कप्पा तपासा. माझ्या भाचीचा कंपास असा एकदा गेला, तो आला नाही. पुन्हा तसाच सलग व्हिडिओ, आणि तोही उजेडात. आपली गाडी तपासून झाल्याशिवाय बदलीची चावी देऊ नका. चाचणीची चक्कर मारून दोष गेला का ते बघा, नाहीतर पुन्हा विदगावपर्यंतचा ड्रॉप.

आणि फॉर्मच्या खाली ‘गाडी मिळाली’ असं लिहून तारीख, वेळ आणि सही घ्या. ई-चलन नोंदणीकृत मालकाच्या नावाने निघतं आणि मालक ते शेवटच्या गिऱ्हाईकाला पाठवतो. तिसऱ्या वेळी महिन्याभराने मला डीलरकडून चलनाचा फोटो आला, सिग्नल तोडल्याचा, संध्याकाळी सहा चाळीसचा. माझ्या फॉर्मवर गाडी परत घेतल्याची वेळ होती सव्वाचार. मी त्या कागदाचा फोटो पाठवला. समोरून अंगठा आला.